ताप, पटकी, देवी, इतर : खानदेशातल्या साथींची मोजदाद

१९०६ साली खानदेश जिल्ह्याचे दोन भाग झाले. पूर्व खानदेशची कचेरी जळगावात आली, पश्चिम खानदेशची धुळ्यात राहिली. सव्वाचौदा लाखांवर वस्ती, सातपुड्यापासून अजिंठ्याच्या डोंगरापर्यंत पसरलेला मुलूख आणि त्याला एकच कलेक्टर, हे जमेनासं झालं होतं. पण साथींच्या हिशेबानं पाहिलं, तर या मुलखाची मांडणी रेल्वेनं आधीच बदलून टाकली होती. जीआयपी रेल्वे १८६० च्या दशकातच चाळीसगाव, पाचोरा, जळगाव करत भुसावळला पोचली. तिथून एक फाटा नागपूरला आणि दुसरा खंडव्यावरून उत्तरेला गेला. १९०० च्या सुमारास चाळीसगाव-धुळे फाटा सुरू झाला आणि सुरतेहून निघालेली ताप्ती व्हॅली रेल्वे अमळनेरला आली. मुंबईत प्लेग उतरून तेव्हा जेमतेम चार वर्षं झाली होती. मुंबई, सुरत, नागपूर आणि जबलपूर या चारही दिशांना जोडलेला, कापूस-धान्याच्या पोत्यांनी भरलेला असा मुलूख साथीला आयताच मिळाला.

त्या काळच्या साथींबद्दल आपल्याकडे जे लिहिलं जातं ते बहुतेक पुण्यामुंबईबद्दल असतं. रँड, चाफेकर, गोऱ्या सोजिरांच्या झडत्या, मांडवीचा डॉ. अकासिओ व्हिएगस, भायखळ्याच्या तुरुंगातले हाफकिनचे प्रयोग. जळगाव-धुळ्यासारख्या गावांत साथीचा माग कसा काढला जात होता, आकडे कोण गोळा करत होतं आणि त्या आकड्यांनी कुणाचा जीव वाचला का, हे प्रश्न मागे पडतात. वास्तविक मुंबई इलाख्यातली बहुसंख्य माणसं अशाच जिल्ह्यांत राहत होती आणि मरतही तिथेच होती.

या मोजणीची सुरुवात कोतवालापासून व्हायची. गावात कोण जन्मलं, कोण गेलं, हे तो पाटलाच्या कानावर घालायचा. पाटलाला लिहिता येत नसे तिथे कुलकर्णी मोडीत नोंद करायचा. हेच ते जन्म-मृत्यूचं रजिस्टर, गाव नमुना चौदा. लोकांच्या तोंडी त्याचं नाव आजही ‘कोतवाल बुक’ असंच आहे. गावाचा गोषवारा तालुक्याच्या कचेरीत, तालुक्याचा जिल्ह्याला आणि जिल्ह्याचा मुंबई इलाख्याच्या सॅनिटरी कमिशनरकडे जायचा. वर्षअखेरीस तिथे एक जाडजूड अहवाल छापून निघे. देवी काढायला गावोगाव फिरणाऱ्या व्हॅक्सिनेटरवर आणखी एक काम होतं. रजिस्टर तपासायचं आणि राहून गेलेल्या नोंदी भरून घ्यायच्या. शहरांत हे काम नगरपालिकेचं. धुळ्याची नगरपालिका १८६२ ची, जळगावची १८६४ ची. १९०१ च्या जिल्हा नगरपालिका कायद्यानं आरोग्याच्या त्यांच्या जबाबदाऱ्या नव्यानं आखून दिल्या.

रजिस्टरात मृत्यूच्या कारणाचा रकाना होता आणि कारणं मोजकीच ठरलेली होती : पटकी, देवी, ताप, हगवण-अतिसार, इजा, इतर. प्लेगची भर नंतर पडली, श्वसनाच्या आजारांचीही. निदान करायला डॉक्टर नव्हताच. कोतवालानं घरच्यांना विचारायचं आणि घरच्यांनी जे डोळ्यांनी पाहिलं ते सांगायचं. उलट्या-जुलाबांनी एका दिवसात माणूस गेला तर पटकी. अंगभर फोड आले तर देवी. या दोन्ही बाबतींत अडाणी कोतवालाचं निदानही सहसा चुकत नसे, कारण रोगाची खूण उघड होती. बाकीचं सगळं ‘ताप’ या एका शब्दात जमा व्हायचं. हिवताप, विषमज्वर, न्यूमोनिया, क्षय, बाळंतरोग, सगळं तापात. इलाख्याच्या अहवालांत वर्षानुवर्षं सर्वांत मोठा आकडा याच रकान्याचा असे आणि सर्वांत निरुपयोगी आकडाही तोच.

सातपुड्याच्या पायथ्यापलीकडचे, अक्राणीतले पाडे या हिशेबात अर्धेमुर्धेच येत. जिथे पाटील-कुलकर्ण्यांची घडीच नीट बसलेली नव्हती, तिथे नोंद कोण करणार? चार दिवसांचं मूल गेलं तर ते सांगायला कुणी उठून पाटलाकडे जात नसे, आणि मुलगी असली तर त्याहून नाही. तेव्हा जुने अहवाल वाचताना एक धोरण बरं : एकूण आकडा खरा मानू नये, पण एका वर्षाची दुसऱ्या वर्षाशी, एका महिन्याची दुसऱ्या महिन्याशी तुलना करायला हरकत नाही. चुका दरवर्षी साधारण सारख्याच होत, म्हणून चढ-उतार बराचसा खरा निघतो.

प्लेगनं मात्र हाही नियम मोडला. इथे लोक मुद्दाम लपवू लागले.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत प्लेग जाहीर झाला. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग प्रतिबंधक कायदा आला आणि त्यानं सरकारला घर तपासण्यापासून प्रवासी उतरवून घेण्यापर्यंत हवे ते अधिकार दिले. पुण्यात त्या अधिकारांचा वापर कसा झाला आणि २२ जूनच्या रात्री त्याचा शेवट कशात झाला, हे सर्वांना माहीत आहे. त्या बातम्या रेल्वेनं खानदेशातही आल्या. शतक संपायच्या आत प्लेगही रुळांच्या कडेनं आला. दप्तरात प्लेगचा मृत्यू नोंदला की घरातल्या उरलेल्यांना सेग्रिगेशनमध्ये नेणार, सामान जाळणार, घरावर खूण करणार. मग गाठ आलेला माणूस ‘तापानं गेला’ असं सांगणं हाच शहाणपणा ठरला. इलाखाभर प्लेगच्या दिवसांत तापाचे मृत्यूही वाढलेले दिसतात, त्यातला मोठा भाग या लपवाछपवीचा. शिक्षेला जोडलेली मोजणी खोटी होणारच. नोंद करणारा पाटील गावचाच आणि ज्याच्या घरी मृत्यू झाला तो त्याचा भाऊबंद.

सरकारनं धडा घेतला तो पुण्यानंतर, हळूहळू. सक्तीच्या झडत्या मागे पडल्या आणि लोक जे आपणहून करत होते तेच धोरण म्हणून मान्य झालं : उंदीर पडू लागले की गाव सोडायचं आणि रानात, माळावर झोपड्या टाकून राहायचं. खानदेशात हे फारसं अवघड नव्हतं. कापूस-ज्वारीच्या पिकांवर राखणीला माणसं एरवीही शेतात राहत. पाऊस नसलेल्या महिन्यांत उघड्यावर राहणं सोसवे. गाव ओस पडायचं, घरांना कुलपं, शाळा झाडाखाली. महिना-दोन महिन्यांनी लोक परतायचे. मोठी व्यापारी पेठ अशी उठून जाऊ शकत नाही, म्हणून खेड्यांपेक्षा पेठेची गावंच जास्त काळ पोळली.

या उपायामागचं शास्त्र नंतर उलगडलं. पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरानं १८९८ मध्ये कराचीत उंदराच्या पिसवेवर बोट ठेवलं होतं, पण त्याला कुणी फारसं मनावर घेतलं नाही. १९०५ पासून परळच्या प्रयोगशाळेत प्लेग संशोधन आयोगानं काम केलं तेव्हा साखळी पक्की झाली : उंदीर मरतो, त्याच्या अंगावरची पिसू भुकेनं माणसाकडे वळते. म्हणजे ‘उंदीर पडले की निघा’ हा गावकऱ्यांचा नियम बरोबर होता. रुग्णाला घरातून उचलून नेणं आणि त्याच्या नातेवाइकांना कोंडणं, ज्यावर सरकारनं एवढी शक्ती आणि एवढी अब्रू घालवली, ते गाठीच्या प्लेगात जवळजवळ व्यर्थ होतं. रसकापराच्या पाण्यानं भिंती धुण्यानंही पिसवेचं काही बिघडत नव्हतं.

खानदेशातलं घरही उंदरांच्या सोयीचं. जाड मातीच्या भिंती, वर धाबं, कणग्यांत ज्वारी-बाजरी, काही ठिकाणी जमिनीत पेव. कौलारू घराची कौलं उतरवून आत ऊन घेण्याचा उपाय मुंबई-पुण्याकडे करत, धाब्याच्या घराला ती सोय नव्हती. जळगावात रेल्वे स्टेशन, धान्याचा बाजार आणि कापसाच्या जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने एकमेकांच्या शेजारी. बाहेरगावचं पोतं वॅगनमधून उतरून दुकानात आणि दुकानातून खेड्यात जायचं, आणि त्याबरोबर पिसवाही. प्रवाशांना स्टेशनात उभं करून त्यांच्या जांघा-काखा तपासणारे डॉक्टर पोत्यांकडे पाहत नव्हते. धुळ्याचं नवं गाव कॅप्टन जॉन ब्रिग्ज यानं १८१८ नंतर आखून वसवलं. तिथे आजही पत्ता गल्लीच्या नंबरावर सांगतात. कागदावर घरोघर तपासणीला याहून सोपं गाव इलाख्यात शोधून सापडलं नसतं, पण उंदीर काही गल्लीच्या नंबरानं फिरत नाहीत.

प्लेगचा खरा वैरी खानदेशचा उन्हाळा होता. कडक कोरड्या उन्हात पिसू टिकत नाही. एप्रिल-मेमध्ये साथ ओसरायची आणि पावसाळा सरता सरता पुन्हा डोकं वर काढायची. लोक मात्र उताराचं श्रेय नवसाला देत आणि अधिकारी आपल्या बंदोबस्ताला.

लसीबद्दल थोडं. हाफकिननं जानेवारी १८९७ मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली. लस अर्धवट संरक्षण द्यायची, टोचल्यावर ताप यायचा, दोन दिवस मजुरी बुडायची. मजुराला ते परवडत नसे. त्यात ३० ऑक्टोबर १९०२ ला पंजाबात मुल्कोवालला लस टोचलेली १९ माणसं धनुर्वातानं दगावली आणि देशभर लसीचं नाव खराब झालं. चूक हाफकिनच्या प्रयोगशाळेची नव्हती हे ठरायला १९०७ साल उजाडलं. त्याच साली हिंदुस्थानात प्लेगनं १३ लाखांवर माणसं नेली. एका वर्षात इतकी माणसं प्लेगनं आधी कधी गेली नव्हती आणि नंतरही नाहीत.

नमुना चौदात मेलेल्यांनाच जागा होती, वाचलेल्यांना रकाना नव्हता. जळगावच्या चौधरी वाड्यात बहिणाबाईंचा मुलगा ओंकार प्लेगातून उठला, पण कायमचा अपंग होऊन. सरकारी हिशेबात तो कुठेच नाही, कारण तो जगला. बहिणाबाईंना पुढे ऐन तिशीत वैधव्य आलं. शेतीचं काम, तीन मुलं आणि त्यांतला एक असा, हे त्या घराचं प्लेगनंतरचं आयुष्य. बहिणाबाईंचं नाव झालं म्हणून ओंकारचं दुखणं आपल्याला कळतं. अशी घरं जिल्ह्यात किती होती, ते सांगणारं कागदाचं चिटोरंही नाही.

पटकीची कथा निराळी आहे, कारण इथे गटारी आणि नळ निर्णायक ठरले आणि त्यांवर नगरपालिकेचा ताबा होता. जळगावला मेहरूणच्या तलावातून नळानं पाणी यायचं, ते एकोणिसाव्या शतकातच. सोळा हजार वस्तीच्या गावाला ही मोठीच गोष्ट. पण नळाचं पाणी गाळलेलं-शुद्ध केलेलं नसेल तर एकच घाण सगळ्या गावाला सारखी वाटली जाते, हेही खरं. धुळ्याला पांझरेचा आधार. नदी आटली की डबक्यांतलं पाणी आणि डबक्यातच धुणी. खेड्यांत विहीर आणि नदीतले झिरे. विहिरीत पोटॅशियम परमँगनेट टाकून पाणी गुलाबी करायचं हा उपाय विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सगळीकडे पोचला. लोकांनी तो सहज स्वीकारलाही. घरात कुणी घुसत नव्हतं, बाईमाणसाला हात लावत नव्हतं आणि परिणाम डोळ्यांना दिसत होता. तो उपाय निर्दोष नव्हता, पण प्लेगच्या झडत्यांशी ताडून पाहिला की लोकांचा विरोध औषधाला नव्हता हे स्पष्ट होतं.

पटकीचा माग काढणं प्लेगपेक्षा सोपं होतं. ती यात्रांबरोबर चालायची. मुक्ताईची पालखी एदलाबादेहून, म्हणजे आताच्या मुक्ताईनगराहून, पंढरपूरला जाते. वारीतल्या पालख्यांपैकी फार लांबचा पल्ला तिचा. पायी जाणारा वारकरी वाटेत आजारी पडला तर वाटेतच राहायचा. १९०६ मध्ये बार्शी लाइट रेल्वे पंढरपूरपर्यंत आली आणि कुर्डुवाडी, दौंड, मनमाड करत वारकरी दोन दिवसांत खानदेशात परतू लागला. पटकीचं विष पोटात जाऊन लक्षणं दिसायला काही तासांपासून पाच दिवस लागतात. पायी परतताना रोग रस्त्यात उघडा पडायचा, आगगाडीनं तो घरच्या विहिरीपाशी येऊन उघडा पडू लागला. इलाख्याच्या आरोग्य खात्याला हे कळत होतं. आषाढीच्या आधी आणि नंतर जिल्ह्याजिल्ह्यांना इशारे जात, परतणाऱ्यांच्या गावांवर नजर ठेवली जाई. साथीचा माग काढण्याची ही त्या काळातली सर्वांत शहाणी पद्धत म्हणता येईल.

गावाचा स्वतःचा मार्ग होता मरीमातेचा. पटकी शिरली की मरीमातेला नैवेद्य, वेशीबाहेर गाडा. जळगाव-भुसावळकडे मरीमातेच्या यात्रेत बारागाड्या आजही ओढल्या जातात. त्याला अंधश्रद्धा म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण रोग वेशीबाहेर काढायचा, परक्या गावचं माणूस काही दिवस आत घ्यायचं नाही, सगळ्या गावानं एका दिवशी एक काम करायचं, हे त्या विधीचे भाग कोणत्याही आरोग्य अधिकाऱ्याला हेवा वाटावा असे होते. फक्त विहिरीचा विचार त्यात नव्हता आणि पटकीत तोच मुख्य.

देवीबद्दल फार लांबण लावण्यात अर्थ नाही, कारण तिथे यंत्रणा सर्वांत जुनी आणि सर्वांत यशस्वी होती. मुंबईत पहिली लस १८०२ साली टोचली गेली. इलाख्याचा लसीकरणाचा कायदा १८९२ चा. व्हॅक्सिनेटर थंडीच्या दिवसांत गावोगाव फिरायचा, आणि आयाबाया पोरांना घेऊन शेतात पळायच्या तरी शेवटी दंडावर वण उमटायचेच. त्याच्याकडे यादी असे आणि ती यादी जन्माच्या रजिस्टरावरून काढलेली असे. नोंदीचा थेट उपयोग होणारी ही एकमेव साथ. हिवतापाला उलट कुणी वालीच नव्हता. पोस्टात क्विनाइनच्या पुड्या पैशाला मिळत, पण सातपुड्यात पोस्टच कुठे होतं? डासाचा संबंध रोनाल्ड रॉसनं १८९७ मध्ये दाखवला, तरी फवारणीवाला पाड्यापर्यंत पोचायला स्वातंत्र्यानंतरची वर्षं उजाडावी लागली.

आणि मग १९१८. त्या साली पाऊस गेला. जूनमध्ये मुंबईत आलेला इन्फ्लुएंझा सौम्य होता, सप्टेंबरात परतला तो माणसं मारणारा होऊन. ६ ऑक्टोबरला एकट्या मुंबईत एका दिवसात सातशेहून अधिक मृत्यू झाले. लोकांनी त्याला मानमोडी म्हटलं. मुंबईहून भुसावळला गाडी एका रात्रीत यायची, त्यामुळे इशारा आणि रोग बरोबरच पोचले. तो लहान-म्हाताऱ्यांपेक्षा वीस ते चाळीस वयाच्या कमावत्या माणसांना जास्त नेत होता, बाळंतिणींना तर फारच. ऐन ज्वारीच्या हंगामात घरंच्या घरं अंथरुणाला खिळली. कोतवाल आजारी, पाटील आजारी, कुलकर्णी आजारी. नोंद कोण करणार? जी झाली ती कुठल्या रकान्यात? मानमोडीला रकाना नव्हता. ती गेली तापात.

म्हणून त्या साथीचे आकडे नंतर वजाबाकीनं काढावे लागले : एरवीच्या वर्षांत तापानं किती जातात ते वजा करायचं, उरेल ते इन्फ्लुएंझाचं. हिंदुस्थानचे सॅनिटरी कमिशनर नॉर्मन व्हाइट यांनी सुरुवातीला साठ लाख म्हटले. १९२१ च्या शिरगणतीनंतर आकडा सव्वा कोटीच्या पुढे गेला. आय. डी. मिल्स यांनी १९८६ मध्ये मुंबई इलाख्याचे जिल्हावार आकडे घेऊन पुन्हा गणित मांडलं आणि देशाचा अंदाज पावणेदोन कोटींच्या आसपास नेला. नंतरच्या अभ्यासकांनी तो पुन्हा खाली आणला. साठ लाख की पावणेदोन कोटी, एवढी तफावत पडते ती कोतवालापुढच्या अपुऱ्या रकान्यांमुळे. जनगणनेच्या इतिहासात देशाची लोकसंख्या घटलेलं दशक एकच : १९११ ते १९२१.

या सगळ्या आढाव्यातून माझं मत असं बनलं आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत खानदेशात साथी मोजण्याची यंत्रणा त्या आवरण्याच्या यंत्रणेपेक्षा फार पुढे होती. पण मोजणी वरच्यासाठी होती. आकडा गावातून तालुक्याला, जळगाव-धुळ्याला, मुंबईला जायचा आणि अहवालात छापला जायचा. तो उलट वाटेनं गावात येत नसे. शेजारच्या गावात पटकी लागली आहे हे पाटलाला कळायचं ते बाजारात, सरकारी कागदातून नव्हे. आकडा खाली आला तिथे, म्हणजे देवीच्या यादीत आणि वारीच्या इशाऱ्यांत, उपयोग झाला. प्लेग संपला तो कायद्यानं नाही. डीडीटी आणि प्रतिजैविकं आली, उंदरांच्या पिढ्या प्रतिकारक्षम झाल्या आणि साथ विझत गेली.

नंतरच्या दोन प्रसंगांनी हे मत पक्कं केलं. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची हाकाटी झाली. उधना-लिंबायतमध्ये राहणारे, मागांवर काम करणारे हजारो खानदेशी त्याच ताप्ती लाइननं नंदुरबार, अमळनेर, जळगावकडे धावले. टेट्रासायक्लिन दुकानांतून नाहीसं झालं. खानदेशात साथ पसरली नाही आणि देशभरात अधिकृत मृत्यू ५६ झाले. या वेळी गोळी हातात होती आणि परतणारा माणूस स्वतःहून दवाखान्यात जात होता, कारण तिथे त्याला कुणी कोंडणार नव्हतं. २०२० मध्ये १८९७ चाच कायदा पुन्हा बाहेर काढला गेला. मे-जूनमध्ये जळगावचा कोरोना मृत्युदर देशात गाजला. दहा रुग्णांमागे एकाहून अधिक मृत्यू. रुग्ण उशिरा येत होते हे त्याचं एक कारण, तपासण्या कमी होत असल्यानं भागाकारात खालचा आकडाच लहान होता हे दुसरं. लोक तपासणी टाळत होते ती कशाला भिऊन, हे १८९८ चा पाटील सांगू शकला असता.

जिल्ह्याजिल्ह्यांतल्या अभिलेख कक्षांत २०२३ पासून नमुना चौदाची रजिस्टरं पुन्हा उघडली गेली आहेत, कुणबी नोंदी शोधण्यासाठी. मोडी वाचणारी माणसं बसवली आहेत, पानांची छायाचित्रं निघत आहेत. ती जातीच्या रकान्यापुरती वाचली जातात. मृत्यूचं कारण, वय आणि तारीख त्याच पानावर आहे. जळगावचं उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आणि धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ यांनी दोन-चार तालुक्यांची जरी ही पानं पूर्ण उतरवून घेतली, तरी १८९६ ते १९२० या काळातला प्रत्येक गावाचा प्लेग आणि मानमोडी तारखेनिशी मांडता येईल. तो कागद आता फार वर्षं टिकणारा नाही. मोडी येणाऱ्या वाचकांनी जवळच्या तहसील कचेरीत चौकशी करावी आणि रकाना शेवटपर्यंत वाचावा.